खोटा धूर

इंजिन एकदा घशात खाकरलं, थांबलं, आणि दुसऱ्या हिसक्याला धडधडायला लागलं. युनूसनं हँडल बाजूला टाकलं आणि धावतच बाहेर येऊन धुराड्याकडं पाहिलं. आधी काळाकुट्ट लोट, मग करडा, मग नुसती हवेतली थरथर. त्याचा जीव भांड्यात पडला.

जिनिंग मात्र सुरू झालं नव्हतं. बोरी अरबच्या या जिनिंगात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, दरवर्षी दसऱ्याला मुहूर्त व्हायचा. शेठ नारळ फोडायचे, युनूस बिस्मिल्ला म्हणून हँडल मारायचा, आणि धुराड्यातून पहिला धूर निघाला की कापसाचा हंगाम लागला असं आसपासची सगळी गावं समजायची. वीज घटकाभर यायची नि चार घटका जायची, त्यामुळं कारखान्याचा सगळा भार या म्हाताऱ्या इंजिनावर आणि इंजिनाचा युनूसवर. दोन हजार आठच्या दसऱ्याला मुहूर्तच झाला नाही. परदेशात मंदी आली, कापसाच्या गाठी कोणी उचलेना. शेठनी फाटकाला कुलूप लावून किल्ली मात्र युनूसजवळ ठेवली. त्याला कोणी ये म्हटलं नव्हतं. पण उभं इंजिन जाम होतं, आणि उमेदीची सगळी वर्षं ज्याच्या उशाशी बसून काढली त्याला असं मरू देणं युनूसच्या जिवावर आलं होतं. म्हणून आज बायकोला सांगून, घरून डबाभर डिझेल घेऊन तो आला होता.

तो हात पुसतो न पुसतो तोच फाटकाशी गलका झाला. टेकाडापलीकडच्या तांड्यावरच्या बाया धापा टाकत उभ्या होत्या. सगळ्यांच्या पुढं रुक्माबाई. हिनं या जिनिंगात कापूस उपसत केस पांढरे केले होते. कमरेला भाकरीचं गाठोडं होतं.

"चालू झालं काय जी, युनूसभाई?"

युनूस फाटकाशी आला. "नाही वो बाई. रिकामंच फिरवून राह्यलो. जाम होऊ नये म्हून."

बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. एकीनं डोक्यावरचा पदर काढून तोंड पुसलं. रुक्माबाई खाली बसली आणि गाठोडं सोडायला लागली.

"आता आणलीच हाये त खाऊनच जातो," ती म्हणाली. दरसाल जिथं कापसाचे डोंगर लागायचे त्या मोकळ्या अंगणात बसून त्या बायांनी भाकरी खाल्ली. रुक्माबाईनं चतकोर आणि ठेच्याचा गोळा युनूसच्या हातावर ठेवला. तो नको म्हणाला नाही.

जाताना ती फाटकाशी थांबली. "भाई, एक सांगतो. धूर दिसला की पाय घरात राह्यत नाहीत. तांड्यावरून निघालो तेव्हा ह्या बाया गाणं म्हनत आल्या. असा खोटा धूर नको काढू बाप्पा."

युनूसनं मान खाली घातली. त्यानं कोणाला फसवलं नव्हतं, तरी फसवल्यासारखं त्याला लागलं.

घरी आला तर बायको हजराबी अंगणात कपडे वाळत घालत होती. हीसुद्धा नवलाचीच गोष्ट. त्यांचं घर जिनिंगाच्या भिंतीला लागून. हंगाम लागला की काजळी आणि कापसाची धूळ उडायची, कपडे घरातच वाळवावे लागायचे, आणि हजराबीचा दमा उसळायचा. सगळा हिवाळा ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपायची. या वर्षी ती पाठ टेकून झोपत होती. तोंडावर तेज आलं होतं, दोरीवरचे कपडे पांढरेशुभ्र होते, आणि घरातलं पीठ मात्र तळाला गेलं होतं.

मुलगी नुजहत दारव्ह्याला कॉलेजात जायची. ताटावर बसल्यावर ती म्हणाली, "अब्बा, आज सरायनं मंदीचंच शिकोलं. देशाच्या धुराचाही हिशेब असते. मंदी आली, कारखाने बसले, का त्या देशाचा धूर घटते. हवा सुधरते."

"म्हंजे लोकायचं बसलं का हवा सुधरते?"

"हो. पण सर म्हणे, हे काही खरं सुधरणं नाही. धंदा उठला का धूर वापस येते. धूर न करता धंदा चालला, तेव्हा खरं."

युनूस घास हातात धरून विचार करत राहिला. देशाच्या त्या हिशेबात आपल्या धुराड्याचाही घटलेला धूर कुठंतरी धरला असेल, आणि त्यात बायकोचा श्वासही. फक्त रुक्माबाईची भाकरी कुठं मांडली असेल, ते त्याला कळेना.

हजराबी चुलीकडं तोंड करून म्हणाली, "अल्ला माफ करो, मले बरं वाटून राह्यलं या साली. लय शरम वाटते मले त्याची. येऊ दे वापस धूर. मी खोकलीन."

नुजहतनं उगाच पाण्याचा तांब्या भरून आणला.

दुसऱ्या दिवसापासून युनूसनं डिझेल नेणं बंद केलं. पहार घेऊन तो रोज जिनिंगात जायचा आणि इंजिनाचं ते अवजड चाक अंगाच्या जोरानं फिरवायचा. धूर नाही, आवाज नाही. नुसता तो आणि त्याचा घाम. खांदा सुजला तर हजराबी हळद लावायची आणि विचारायची, "कायले एवढं मरता? शेठ त विचारतही नाही." तो म्हणायचा, "उद्या चालू झालं त?"

उन्हं तापायला लागली तेव्हा शेठ आले. जिनिंग मोडीत काढायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकं यायची होती, एक भंगारवाला आणि एक खडी फोडणारा. "इंजिन चालवून दाखवलं तर खडीवाला नेईल, युनूस. नाही चाललं तर तोडून भंगारात. उद्या सकाळी ये," शेठ म्हणाले आणि नजर चुकवून गाडीत बसले.

सकाळी युनूस आधी तांड्यावर गेला. रुक्माबाई गोवऱ्या रचत होती. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "बाई, आज धूर निघन. येऊ नका. इंजिन इकून राह्यले."

रुक्माबाईच्या हातातली गोवरी तशीच राहिली. मग ती म्हणाली, "बरं केलं भाई, पायानं येऊन सांगतलं. सांगतो सगळ्याईले."

इंजिन पहिल्या हिसक्याला पेटलं. खडीवाला खूश झाला, शेठनी युनूसच्या पाठीवर थाप मारली. युनूसनं बाहेर येऊन धुराकडं पाहिलं, आणि मग टेकाडाच्या पायवाटेकडं. वाट रिकामी होती. एकही बाई आली नाही. त्याला हायसं वाटलं, तरी तो वाटेकडं बघतच राहिला. दुपारपर्यंत इंजिन साखळदंडांनी ट्रकवर चढलं आणि यवतमाळच्या रस्त्याला लागलं.

तो घराकडं वळला आणि अंगणात आल्यावर थबकला. दोरी रिकामी होती. सकाळी धुतलेले सगळे कपडे ओलेच काढून घरात बाजेवर टाकलेले होते, काजळी बसू नये म्हणून, दरवर्षीसारखे. सगळ्या तांड्याला सांगून आलेला युनूस घरी सांगायलाच धजला नव्हता.

हजराबी भिंतीला टेकून बसली होती. तोंडाला ओढणी लावून खोकत होती, आणि डोळे हसत होते. चुलीवर चहा ठेवला होता. उरलीसुरली सगळी साखर तिनं त्यात टाकली होती.

"पाह्यला मी धूर," ती श्वास आवरत म्हणाली. "चालू झालं ना जी?"

युनूसनं बाजेवरचा ओल्या कपड्यांचा ढीग उचलला. अंगणात गेला. एकेक कपडा झटकून, कोपरे नीट ओढून, तो पुन्हा दोरीवर वाळत घालायला लागला. आत हजराबीचा खोकला थांबला होता. ती दाराशी येऊन उभी राहिली, दोरीकडं बघत राहिली, आणि मग काही न विचारता तिनं ढिगातली ओली चादर उचलून तिचं एक टोक त्याच्या हातात दिलं.