मम्मीचा डायलॉग

पिक्चर वाईटही असू शकतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कारल्याची भाजी वाईट असते, गणिताचा तास वाईट असतो, सनी तर जन्मापासूनच वाईट आहे, माझा भाऊ असला म्हणून काय झालं. पण पिक्चर? एवढा मोठा पडदा, एवढी माणसं, आणि वाईट करायला कोण कशाला एवढा खटाटोप करील? एखादा पिक्चर कंटाळवाणा वाटला की मी समजायचे, आपल्यालाच झोप येतेय.

आमचं घर पिंपळगावच्या बाहेर, द्राक्षबागेला लागून. गेल्या पावसाळ्यात तिथं आल्हाद सर नावाचे डायरेक्टर शूटिंगला आले. पावसाळ्यात वेलीला नुसता पाला, आणि ह्यांना दाखवायची द्राक्षांची तोडणी! मग त्यांनी प्लास्टिकचे घड मागवले. ते सुतळीनं बांधायला मीपण होते.

"सर, हे खोटे दिसतायत," मी म्हटलं.

"पडद्यावर खरे दिसतात, बेटा."

मी लगेच विश्वास ठेवला. पडद्यावर काय काय होत असेल, आपल्याला काय माहीत.

त्यात हिरोच्या काकूचं काम करणारी बाई आजारी पडली. सरांनी माझ्या मम्मीला विचारलं. एकच वाक्य होतं. हिरो भांडून घर सोडून गेलेला असतो, तो परत येतो आणि काकू दारात उभी राहून म्हणते, "दमला असशील, ये. भाकर झाकून ठेवली हाय." संध्याकाळी भाकरी थापता थापता मी तिच्याकडून ते घोटून घेतलं. मम्मीचा आवाज जाडा आहे, जरा घोगरा, आणि ती हळू बोलते. मला ताप आला की मी तिला उगाच काहीतरी बोलायला लावते. बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्याच फटक्यात बरोबर बोलली. लाइट धरणारा दादा म्हणाला, "ताई, मला आत्ताच्या आत्ता घरी जावंसं वाटायला लागलं." मम्मी पदर तोंडाला लावून लाजली. मी मात्र शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं, माझ्या मम्मीचा डायलॉग ऐका, नाही रडलात तर नाव बदलीन.

पिक्चर नाशिकला लागला तेव्हा द्राक्षांचा सीझन होता. पप्पांना पॅकहाऊसवर कंटेनर भरायचा होता, ते आले नाहीत. मम्मी, मी, सनी आणि पॅकिंगच्या बायका टेम्पोतून गेलो. मम्मीनं लग्नातला शालू नेसला होता.

सुरुवातीलाच द्राक्षं आली. सुतळी स्पष्ट दिसत होती, माझ्याच हातची गाठ! "अगं बया, भर पावसात कुठली तोडणी?" शेजारी बसलेल्या भागीबाई मोठ्यानं म्हणाल्या आणि बायका खिदळल्या. मी म्हटलं, थांबा हो, मम्मी यायचीय अजून. हिरो रडला, पण डोळे कोरडेच. मग उगाच मारामारी, उगाच गाणं. मला जांभई आली, आणि पहिल्यांदाच वाटलं, माझी काही चूक नाही. हा पिक्चरच भंगार आहे.

मग मम्मी आली. केवढी मोठी दिसत होती! मी सनीचा हात घट्ट धरला. मम्मीनं तोंड उघडलं आणि आतून भलताच आवाज आला, चिरका, नाकातला. "दमलास क्काय रंऽऽ! भाकर झाकून ठिवलीया रंऽऽ!" वर टुंईंग करून काहीतरी वाजलं.

सगळं थिएटर हसलं. सनी हसला, मेला. "तो आवाज मम्मीचा नाय!" मी ओरडले, तर लोक अजूनच हसले. खुर्चीतल्या मम्मीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग तीपण हसायला लागली. मला तिचाच राग आला.

बाहेर आल्हाद सर हात जोडून उभे होते. कसा वाटला, कसा वाटला. बायका म्हणाल्या, छान. खिदळलेल्या भागीबाईसुद्धा म्हणाल्या, एक नंबर. मम्मी म्हणाली, "लय छान."

"फालतू आहे," मी म्हटलं. "तुम्ही मम्मीचा आवाज काढून टाकला."

सरांनी माझा गाल ओढला. "डबिंग म्हणतात त्याला, बेटा. लोक हसले ना? झालं तर मग." मम्मीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी पप्पा आले. हातपाय धुता धुता म्हणाले, "काय मग, हिरोईन? ऐकव की."

मम्मीनं पदर खोचला आणि त्या चिरक्या आवाजात म्हणाली, "दमलास क्काय रंऽऽ!" पप्पा एवढे हसले की हातातला तांब्या हिंदकळला.

"मम्मी, तसं नको ना. तुझ्या आवाजात बोल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचं हसू गेलं. मग हळूच, शूटिंगला बोलली होती अगदी तसंच, ती म्हणाली, "दमला असशील, ये. भाकर झाकून ठेवली हाय."

मी पप्पांकडे बघत राहिले. आता कळेल त्यांना.

पप्पांनी टॉवेलला हात पुसले. "हे तर रोजचंच हाय. ते पिक्चरमधलं बोल ना."

आणि मम्मी बोलली.