झेलायची जागा

"मावशी, पुसलं जात नाय," हरेश म्हणाला. "हे बघा, परत तेच. राइट प्रोटेक्टेड."

सकुबाईला त्यातलं 'पुसलं जात नाय' तेवढं कळलं. वैशाखऱ्याहून सकाळच्या एसटीनं ती मुरबाडला हरेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आली होती, ती एवढ्याच कामासाठी. पेनड्राइव्हमधले जनाच्या आवाजातले धवले, लग्नात म्हणायची गाणी, पुसायचे आणि तिथं स्वतःचे गाऊन भरायचे. मांडववाल्या बारकूकडून 'थोडी भर घालते' असं सांगून तिनं तो मागून आणला होता. भर घालायचं खोटं होतं.

चाळीस वर्षं आसपासच्या गावांतली लग्नं दोघींनी मिळून गायली होती. हळदीला धवले म्हणायचे तर दोघी लागतात. जनानं ओळ सोडायची, सकुबाईनं ती झेलायची. लोक मात्र 'जनाबाईला बोलवा' एवढंच म्हणत. झेलणारीचं नाव कुणी विचारलं नाही. गेल्या वर्षी बारकूनं फोनवर धवले रेकॉर्ड करायचं ठरवलं, तेव्हाही निरोप आधी जनाकडेच गेला. सकुबाई फणकारली आणि गेलीच नाही. जना एकटी गाऊन आली आणि दिवाळीनंतर वारली. आता लग्नघरी बारकू पेनड्राइव्ह लावतो. मेलेली बाई लग्नं गाजवते आणि जिवंत बाई पंगतीत बसते, याचा सकुबाईला इतका जळफळाट होई, की स्पीकर सुरू झाला की ती मांडवातून उठून जाई. ते गाणं तिनं कधी धड ऐकलंच नव्हतं.

हरेशनं पेनड्राइव्हच्या कडेला लॉकचं बारीक बटण आहे का पाहिलं. नव्हतं. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं, काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप केलं. शेवटी खुर्ची मागं सरकवून त्यानं समजावलं. पेनड्राइव्ह संपत आला की कधीकधी असा हट्टाला पेटतो. आतलं ऐकू देतो, पण नवं घेत नाही आणि जुनं सोडत नाही. काही दिवसांनी ऐकूही देणार नाही.

"म्हंजे आतलं आपोआप जाईल?"

"दुसरीकडं कुठं नसंल तर कायमचं जाईल."

दुसरीकडं कुठं नव्हतं. बारकूचा तो फोन पावसाळ्यातच विहिरीत पडला होता. सकुबाईला मनातून गार वाटलं. आता तिला हातसुद्धा लावायला नको होता.

"मग ऱ्हाऊ दे तसाच," ती उठली.

हरेशला मात्र राहवेना. आतलं अजून शाबूत आहे का बघू, म्हणून त्यानं एक गाणं लावलं.

जनाचा आवाज आला. तोच जरा नाकातला, सकुबाईला कधीच न आवडलेला. एक ओळ झाली आणि आवाज थांबला. बिघडलं बहुतेक, म्हणत हरेशनं माऊसला हात घातला, तोवर दुसरी ओळ आली. पुन्हा शांतता. दर ओळीनंतर तेवढाच वेळ, एक ओळ बसेल एवढा.

दारात पोचलेली सकुबाई तिथंच थांबली. मेलीनं एकटीनं गातानासुद्धा झेलणारीची जागा सोडली होती. फुगून घरी बसलेल्या बाईसाठी ती दर ओळीला थांबत होती. तिसऱ्या ओळीनंतर सकुबाईनं काही ठरवायच्या आत तिच्या गळ्यानं ओळ झेलली. झेरॉक्सला आलेली माणसं वळून पाहू लागली. सकुबाईला लाज वाटली, पण गाणं संपेपर्यंत ती थांबली नाही.

मग ती परत येऊन स्टुलावर बसली.

"नवा पेनड्राइव्ह दे. समदं घे त्यात. मधी थांबते ती, ते काढू नको."

हरेशनं सगळं नव्यात उतरवून घेतलं आणि विचारलं, "नाव काय देऊ? जनाबाई?"

"माझं पन लिव."

"तुमचा आवाज कुठाय यात, मावशी?"

"ती थांबलीय ना, ते माझ्यासाठीच."

हरेशनं दोन्ही नावं लिहिली. सकुबाईला वाचता येत नव्हतं. ती पडद्याकडे बघत राहिली.

"आधी कुनाचं लिवलंस?"

"जनाबाईंचं."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"असू दे," ती म्हणाली.