कुठला दगड कुणाचा

फेबी कबुंडाच्या कोठारातून एकतीस वर्षांत एकही दगड हरवला नव्हता. खनिज खात्याने छाती फुगवून सांगावं असं एवढंच काय ते होतं, आणि तेसुद्धा साहेबलोक सांगत नसत, फेबीच सांगायची. जुन्या काळी सरकारने सीमेवरच्या टेकडीत खोल बोअर पाडले होते. त्यांतून मक्याच्या कणसाएवढे जाड दगडी दांडे निघाले. ते उभे चिरले, अर्धा भाग तपासणीला गेला आणि अर्धा इथे राहिला, पत्र्याच्या ट्रेमध्ये ओळीने लावलेला. वरच्या डाव्या कोपऱ्यात पहिला मीटर, खालच्या उजव्या कोपऱ्यात शेवटचा, मधूनमधून खोली लिहिलेले लाकडी ठोकळे. विद्यापीठातून आलेला कुणी विद्वान एखादा तुकडा उचलून उलटा ठेवायचा, तेव्हा फेबी त्याला असा काही झापायची, की तो परत येताना हात मागे बांधून यायचा.

त्या बोअरची कागदपत्रं वाळवीने कधीच खाल्ली होती. दगड खाणं मात्र वाळवीला जमलं नव्हतं. ते काम आता परदेशी खाण कंपनी करणार होती.

राजधानीतून, लुसाकाहून, आलेल्या पत्रात चारच ओळी होत्या. पुढच्या शुक्रवारी कंपनीचा ट्रक येईल, जुने सगळे ट्रे फेरतपासणीसाठी समुद्रापलीकडे जातील, तरी सहकार्य करावं. परत कधी येतील ते लिहायला पत्र लिहिणाऱ्याला जागा पुरली नसावी. कंपनीचा अहवाल तर आधीच आला होता. टेकडीतल्या तांब्याचा आणि कोबाल्टचा थर सीमेकडे जाता जाता दोन मीटरवर येतो आणि तिथेच तुटतो, पलीकडचा दगड वेगळा, त्याचा याच्याशी संबंध नाही, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे आपलं काही फारसं नाही, देतील ते मुकाट्याने घ्या. अहवाल खोटा आहे हे फेबीला ठाऊक होतं, कारण तिच्या एकेचाळीस नंबरच्या बोअरमध्ये थर सव्वाअकरा मीटर होता. तिने दोनदा वर कळवलं. उत्तर आलं नाही. आता ट्रेच गेले, तर सव्वाअकरा मीटर फक्त तिच्या तोंडात राहणार होते, आणि कोठारवालीच्या तोंडाला लुसाकात कोण विचारतो?

पत्र आलं त्याच आठवड्यात शनिवारी तिची आत्या गेली. आत्याचं गाव सीमेपलीकडे, काँगोत. लांबा लोकांची घरं टेकडीच्या दोन्ही अंगांना आहेत. सीमा नंतर आली, आणि आली तेव्हाही तिने कुणाला विचारलं नव्हतं. फेबी कमरेला चितेंगेचं रंगीत कापड गुंडाळून पायीच गेली.

अंगणात पाय टाकते तोच पापा क्युंगु आडवा आला. तिकडच्या सरकारचं असंच एक कोठार तो सांभाळायचा. तो बिबट्याच्या कुळातला, ही शेळीच्या. या दोन कुळांत थट्टेचं नातं. एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, हातातली वस्तू हिसकावून दंड मागावा, मयताच्या घरी तर हे करायलाच हवं, नाहीतर रडण्याला तळ राहत नाही. जो रागावेल तो कुळाची लाज काढतो.

"आली का शेळी? रडायला आलीस की चरायला?"

"तुझ्याकडे चरणार नाही तर कुठे? सगळं तांबं तुम्हीच गिळून बसलात. आमच्याकडे येईपर्यंत दोन मीटर उरलंय."

बायका हसल्या आणि क्युंगुच्या जबाबाची वाट बघत राहिल्या. त्याने उलट प्रश्नच केला.

"दोन मीटर कुणी सांगितलं?"

"कंपनीने. अहवाल आहे."

"लुंबाची आई," त्याने फेबीला लेकराच्या नावाने हाक मारली, "थट्टा बाजूला ठेव. आम्हालाही अहवाल दिलाय. त्यात तांबं सगळं तुमच्या बाजूला. आमच्याकडे दोन मीटर."

"दोन्हीकडे दोन?"

"दोन्हीकडे दोन."

"मग टेकडी उभी कशावर आहे, तुझ्या बापाच्या दाढीवर?"

ही थट्टा होती की नाही हे कुणालाच कळलं नाही, त्यामुळे सगळे हसले. क्युंगु हसला नाही. त्याच्या सात नंबरच्या बोअरमध्ये थर साडेअकरा मीटर होता, त्याने स्वतः टेप लावली होती. एकेचाळीस आणि सात यांच्यामध्ये सीमेचा एक सिमेंटचा खांब होता, आणि अंतर दोनशे पावलंसुद्धा नव्हतं. त्याच्याकडे ट्रक तिच्यानंतर, त्यापुढच्या सोमवारी येणार होता.

आत्याला माती दिल्यावर दोघं भिंतीच्या सावलीत मुन्कोयोच्या आंबिलीचा तांब्या घेऊन बसले. फेबीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. राग कंपनीचा नव्हताच. कंपनीचं ते कामच. राग आपल्या माणसांचा, ज्यांना पलीकडे अर्ध्या तासावर जाऊन "तुला काय सांगितलं?" एवढं विचारावंसं वाटलं नाही.

"दोन्ही सरकारं मिळून इथे कारखाना काढणार होती ना?" ती म्हणाली. "वीज आमच्या तारेची, कोबाल्ट तुमचं, तांबं दोघांचं. बॅटरीचं सामान इथेच बनवायचं. मोठा समारंभ झाला होता, मंत्री नाचले होते. तो कागद कुठाय?"

"वाळवीला विचार."

"तुझ्या सात नंबरचा दगड माझ्याकडे आण. मंगळवारी."

"आणि काय करू? वरण?"

"आण म्हटलं ना, बिबट्या. शेळीला घाबरतोस?"

मंगळवारी सकाळी क्युंगु सायकलवर दोन पोती लादून सीमेच्या फाटकापाशी आला. मक्याच्या पिठाच्या, साबणाच्या, तेलाच्या सायकलींची रांग होती. जकातीच्या शिपायाने पोतं दाबून बघितलं.

"काय आहे?"

"दगड."

"कशाला?"

"शेळीच्या कुळातल्या बाईला भेट."

शिपायाने पोतं उघडलं, खरोखरच दगड निघाले. तक्त्यात दगडाला दर नव्हता. तो हसून हसून बेजार झाला, आणि सायकल पुढे गेली.

कोठारात करवतीचं यंत्र होतं. दोघांनी एकेचाळीस नंबरचा सव्वाअकरा मीटर आणि सात नंबरचा साडेअकरा मीटर दगड पुन्हा उभा चिरला. अर्ध्याचे पाव झाले. दोन्ही बोअरचा एकेक पाव त्यांनी नव्या ट्रेमध्ये नीट ओळीने, शेजारी शेजारी लावला आणि ते ट्रे गावच्या प्रमुख बाईंच्या कोठीत पोचते केले. तिथे वाळवी नव्हती आणि कंपनीही जात नसे.

दोन्ही बोअरचा उरलेला पाव फेबीने एकेचाळीस नंबरच्या जुन्या ट्रेपाशी आणला. मग तिने ओळीतून पहिला तुकडा उचलला, त्या जागी क्युंगुचा ठेवला, आणि आपला कुठेतरी मध्येच सरकवला. दुसरा. तिसरा. दगड जागचा हलवणं हे तिच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप. एकतीस वर्षं ती दुसऱ्यांना त्यावरून शिव्या घालत आली होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने पुसलंही नाही.

"एवढं मिसळल्यावर ओळखणार कसं?" क्युंगुने विचारलं.

"मी नाही ओळखणार. साहेब ओळखतील. शिकलेत ते."

शुक्रवारी ट्रक आला. मागून पांढऱ्या गाडीतून खात्याचे संचालक कपेंब्वा उतरले, सोबत कंपनीचा माणूस, कडक इस्त्रीच्या शर्टात. फेबीने यादी पुढे केली. ट्रे मोजले, सगळे जुळले, आणि हमालांनी पहिले काही चढवलेही.

"शाबास, लुंबाची आई," कपेंब्वा म्हणाले. "सही करतो, बाकीचेही उचलू द्या."

"उचला. फक्त एकेचाळीस नंबरचे तीन ट्रे जरा जपून. त्यातला अर्धा दगड काँगो सरकारचा आहे."

"काय?"

"मी मिसळलाय. आपला न्या, त्यांचा ठेवून जा. त्यांच्या सहीशिवाय त्यांचा दगड नेला तर चोरी होईल. सरकारी माणूस चोरी कशी करेल?"

कपेंब्वांचा चेहरा काळवंडला. "तुला कळतंय का तू काय केलंस? तीन वर्षांवर निवृत्ती आलीय तुझी! उद्या घरी बसवीन मी तुला, पेन्शन..."

फेबी दोन पावलं पुढे गेली आणि तिने साहेबांच्या खिशातलं पेन सरळ उपसून घेतलं.

ट्रकवरचे हमाल थांबले. कंपनीचा माणूस आ वासून बघत राहिला.

"मागच्या वर्षी तुमच्या मामाच्या मयताला मी आले होते साहेब, स्वयंपाकाला. तिथे कळलं, तुम्ही बिबट्याच्या कुळातले. मी शेळी. रागवा आता."

दारातून क्युंगु आत आला. "काय रे धाकट्या," तो म्हणाला, "शेळीवर गुरगुरतोस? आपल्या कुळाचं नाव घालवतोस?" कपेंब्वांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण कुळ सांगितल्यावर तो थोरला भाऊ झाला, मग तो कुठल्या देशाचा का असेना. हमाल खिदळायला लागले. संचालकांना हसावंच लागलं. ते हसणं दात उपटून घेताना येईल तसलं होतं.

"बिबट्याने शेळी खाल्ली तर आम्ही समजू शकतो," फेबी म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "जन्मापासूनचं वैर आहे. पण तुम्ही खातही नाही! दोन्हीकडचे बिबटे दोरी हातात धरून शेळी तिसऱ्याच्या दारात नेऊन बांधताय, आणि वर त्यालाच विचारताय, हिच्या अंगावर मांस किती? तो काय सांगणार? तो म्हणणार, हाडंच आहेत! इकडेही हाडं, तिकडेही हाडं!"

कंपनीच्या माणसाने घड्याळ बघितलं. आमचे तज्ज्ञ तिकडे नेऊन वेगळं करतील, अडचण नाही, असं त्याने सांगितलं.

"तिकडे कशाला?" फेबी म्हणाली. "तुमच्या अहवालात लिहिलंय, पलीकडचा दगड वेगळा, थर सीमेवर तुटतो. मग दोन मिनिटांचं काम आहे. साहेब स्वतः भूगर्भशास्त्र शिकलेत. साहेब, आपला उचला, त्यांचा ठेवा."

कपेंब्वा ट्रेवर वाकले. किती वर्षांनी वाकले होते कोण जाणे. त्यांनी एक तुकडा उचलला, अंगठा जिभेला लावला आणि दगड ओला केला. करड्या दगडात सोनेरी ठिपके उमटले, आणि त्यांच्यामधून तीन पांढऱ्या रेषा.

"हा आपला."

"कशावरून?" क्युंगुने विचारलं.

त्यांनी दुसरा उचलला. तो ओला केला. सोनेरी ठिपके, तीन पांढऱ्या रेषा. तिसरा. चौथा. पहिला पुन्हा. कंपनीच्या माणसाने काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, तर कपेंब्वांनी मान वर न करताच हाताने त्याला थांबवलं. ट्रेच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत ते गेले आणि मग तिथेच उकिडवे बसून राहिले.

"किती मीटर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"इकडे सव्वाअकरा. तिकडे साडेअकरा. नीट लावलेला दगड प्रमुख बाईंच्या कोठीत आहे. पण तिथे एकटं गेलेलं चालत नाही. तिकडच्या साहेबांना घेऊन या."

कपेंब्वा उठले. गुडघ्यांची धूळ झटकून त्यांनी हमालांना सांगितलं, "उतरवा. दोन्ही सरकारांच्या सह्या होईपर्यंत एकही ट्रे हलणार नाही." कंपनीचा माणूस फोन कानाला लावून बाहेर गेला.

"आता पेन दे," ते फेबीला म्हणाले. "दंड काय, कोंबडी?"

"कोंबडी नको. तिकडच्या खात्याला पत्र. इथेच बसून, माझ्यासमोर."

त्यांनी पत्र लिहिलं. क्युंगुने वाचलं, दोन ठिकाणी सुधारलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मग कपेंब्वांनी दुसरा कागद ओढला. त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"ट्रे मिसळलेस तू. हे मला सोडता येणार नाही. चौकशी होईपर्यंत निलंबन."

"लिहा. माझ्या कोठारात दुसऱ्या कुणी मिसळले असते, तर मीही हेच केलं असतं."

तिने पोच म्हणून सही केली. मग कमरेच्या गाठीतून किल्ली सोडून तिने ती साहेबांच्या तळहातावर ठेवली.

"एकतीस वर्षांत इथून एकही दगड हरवला नाही, बिबट्या," ती त्यांना म्हणाली. "आता तुझी पाळी."