माझ्या पोटातला आळशी वायू

मित्रांनो, आज मी भुशाच्या डब्यात पडून असतो. एके काळी मात्र सडक अर्जुनी गावात देवानंद ड्रायव्हरच्या सपरीत, म्हणजे पडवीत, दारावर लटकत होतो. साठचा बल्ब मी. कारखान्यात माझ्यातली हवा काढली, अरगॉन नावाचा वायू भरला आणि तोंड बंद केलं. तेव्हापासून मला ना फार आनंद होतो, ना फार दुःख.

त्या घरची एक रीत होती. देवानंदचा ट्रक रायपूरला निघाला की त्याची बायको अल्का मला लावायची आणि परतल्यावर तोच मला विझवायचा. दुसरं कोणी बटनाला हात लावत नसे. दोन हजार चारच्या दिवाळीनंतर ट्रक उलटला. देवानंद गेला. मी भर दुपारीही जळत राहिलो आणि अल्का माझ्याखाली बसून राहिली. रडली नाही, बोलली नाही. ताट पुढे केलं तर दोन घास खायची.

दहावीतली त्यांची मुलगी रचना मायजवळ बसून अभ्यास करायची. एकदा म्हणाली, "माय, सर सांगत होते, अरगॉन हे नाव ग्रीक शब्दापासून आलं. अर्थ आळशी, काम न करणारा. कोणाशीच मिसळत नाही ना, म्हून."

हात्तिच्या! इतकी वर्षं पोटात आळशी घेऊन मी उजेड पाडत होतो तर!

तेवढ्यात रचनाचे मोठे बाबा, म्हणजे देवानंदचे थोरले भाऊ दुधराम, आले. "आळशी? मंग तुही माय कोण आहे? कामधंदा सोडून दिवसभर बसून राहिली. उद्या तिले माहेरी नेऊन सोडतो. तू आमच्या घरी राहाजो."

रचना मायपुढे उभी राहिली. "मोठे बाबा, तो मिसळत नाही म्हून तं आतली तार टिकते. साधी हवा असती तं कधीचीच जळली असती. बसू द्या ना तिले. मायले नका नेऊ."

"तुहं पुस्तक तुह्याजवळ ठेव."

तेव्हा अल्का उठली. डोक्यावर पदर घेतला, भिंत धरत बटनापाशी गेली आणि तिनं मला विझवलं. देवानंद परतणार नाही, हे मला तेव्हा कळलं.

"दिवसाढवळ्या कोणी लाईट जाळते का?" ती म्हणाली. "मी कुठी नाही जात, भाऊजी. माह्या पोरीपाशीच राहीन."

रचना तिला बिलगून रडली. अल्का तेव्हाही रडली नाही. दुधराम चपला घालून निघून गेले.

पुढे माझ्या जागी पांढरी नळी आली. रचनानं मला भुशात जपून ठेवलं. तार अजून शाबूत आहे.

मित्रांनो, एकच मागणं. नुकत्याच विझलेल्या बल्बाला लगेच हात लावू नका. ओलं फडकं तर नकोच, काच तडकते. आधी त्याला निवू द्या. तोवर जवळ बसा.