बाहीचा कागद

घरमालकाला लाज कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. एक तारखेला भाड्यासाठी सकाळीच दारात हजर, आणि आज बँकेचा साहेब कुलूप घेऊन आला तर हा जिन्यात रस्ता चुकल्यासारखा उभा.

"बाई, यांचं कर्ज थकलं, घर बँकेनं ताब्यात घेतलंय," साहेब म्हणाला. "तीन महिन्यांपूर्वी दारावर नोटीस लावली होती. कुणी हरकत घेतली नाही. मुदत काल संपली. खोल्या रिकाम्या करा."

शिवणयंत्राचं चाक आत्यांच्या हाताखाली थांबलं. अकरा वर्षं याच खोल्यांत बसून त्यांनी अख्ख्या गल्लीला कपडे शिवले होते. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्या दारावर नोटीस?" आत्या म्हणाल्या. "साहेब, मला वाचता बेताचं येतं, दिसतं भरपूर."

"मी सांगितलं होतं," घरमालक पुटपुटला. "यांनीच मनावर घेतलं नाही."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. तीन महिन्यांपूर्वी यानंच एक मोठा, जाड कागद आणून दिला होता. "आत्या, कापाकापीला घ्या." छापील होता, पण त्यांचे सगळेच नमुने जाहिराती नि जुन्या कॅलेंडरांचे. या कंजूष माणसानं फुकट काही दिलं, म्हणून त्यांनी दोन दिवस कौतुक केलं होतं!

खिळ्यावरच्या नमुन्यांच्या जुडीतून त्यांनी त्याच कागदाची बाही, गळा नि पाठ काढली आणि टेबलावर जोडली. "सूनबाई, वाच."

ती बँकेची नोटीस होती. गळ्याच्या जागी भोक होतं, पण बँकेचा शिक्का बाहीवर शाबूत होता, तारीख पाठीवर. कोपऱ्यांना वाळलेली खळ, दारावरून सोलून काढल्याची.

साहेब आत्यांकडे वळला. "बाई, भाडेकरार आहे?"

आत्यांनी गादीची शिवण उसवून कागद काढला. साहेबानं तो दोनदा वाचला.

"नोंदणी केलेला. बारा वर्षांचा. कर्ज चार वर्षांपूर्वीचं." त्यानं कुलूप पिशवीत टाकलं. "करार आधीचा, उरलेलं वर्षभर तुम्हाला कुणी हलवू शकत नाही. भाडं आता बँकेत भरा. अनामत मात्र यांनीच परत करायची."

"आत्या, नोटीस बघून तुम्ही सोडून गेला असतात तर भाडं बंद झालं असतं," घरमालक म्हणाला. "घाबरलो हो."

"घर गेलं तुझं, त्याचं वाईट वाटतं मला. पण माझ्या बेघर होण्याचा कागद तू माझ्याच कात्रीनं कापून घेतलास. तू आता माझा मालक नाहीस, पाहुणाही नाहीस. अनामत घेऊन ये, आणि तीसुद्धा उंबऱ्याबाहेरून दे."