उन्हाची बाजू

मी घोंगडी बोलतेय. शोपीस नव्हे, जाजम नव्हे. घोंगडी! जतकडच्या काळ्या मेंढरांची लोकर, घोंगड्या विणणाऱ्या सनगराचा माग आणि चिंचोक्याची खळ, एवढ्यावर मी झाले. अंगाला टोचते, ठाऊक आहे मला. पण पंचेचाळीस वर्षं झाली, अजून एक धागा ढिला नाही.

माझी मालकीण बयाबाई. लग्नानंतरच्या पहिल्या कातरणीची लोकर तिच्या नवऱ्यानं, आप्पासोनं, सनगराला दिली आणि मला विणून घेतलं. दिवाळी झाली की दोघं मेंढरं घेऊन गाव सोडायची, कृष्णेच्या काठाकाठानं पार साताऱ्याच्या वर जायची. उन्हात मी बयाबाईच्या डोक्यावर, पावसात खोळ, मुक्कामाला अंथरूण. वाटेत मेंढी व्याली तर ओलं कोकरू माझ्यात गुंडाळलं जायचं. म्हणून बयाबाईनं एक नेम केला होता. एक बाजू उन्हाची, एक कोकरांची. सगळी वर्षं तिनं मला एकाच अंगानं पांघरलं, बाजू कधी बदलली नाही.

पुढं आप्पासो गेले, मेंढरं विकली, आणि बयाबाई लेकीकडे, सोनियाकडे, सांगलीत विश्रामबागला राहायला आली. मला पलंगाच्या पेटीत टाकलं, डांबराच्या गोळ्यांसकट. आठ वर्षं! माणसं ह्याला जपून ठेवणं म्हणतात. मी कोंडणं म्हणते.

पेटीत पडून मी सगळं ऐकत होते. बयाबाईचा मुलगा विश्वजित झांबियात बोअरवेल खणायच्या कंपनीत आहे. एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"आये, तुला इथलं जंगल दाखवतो. ऑगस्टात ये. सगळं सुकलेलं असतं, जनावरं पाण्यावर गोळा होतात. बसल्या जागी हत्ती दिसंल."

"आन पाऊस कवा लागतुय तिकडं?"

"नोव्हेंबरात. तवा नको गं. गवत वाढतं, रस्ते चिखलाचे. हरणांना पिल्लं होत्यात तवा, पण ती गवतात दिसत न्हाईत."

"नोव्हेंबर म्हंजी दिवाळी झाल्यावर. मग मी तवाच येणार."

पेटीत माझा जीव वरखाली झाला. सुक्या दिवसांत गेली तर मी इथंच कुजणार. पावसाच्या तोंडावर गेली, तर तिला मी लागणारच!

सोनिया वैतागली. "आई, अगं सगळे लोक ऑगस्टात जातात. तू कशाला हट्ट करतेस?"

"सोने, तहानलेली जनावरं पाण्यावर उभी राहिलेली म्या जल्मभर बघितली. तीच बघाय समिंदर ओलांडू व्हय? पाऊस लागल्यावर कळप कसा हलतुय, ते मला बघायचंय. आन ती फळी उचल. माजी घोंगडी काढ."

फळी उचलली गेली. उजेडानं माझे डोळे दिपले असते, डोळे असते तर.

पण एवढ्यावर भागलं नाही. सहलीचं बघणारा भरतेश यादी घेऊन घरी आला. पोरगा गुणी, पण यादीपलीकडं त्याचं डोकं चालत नाही. मी खुर्चीवर होते, उन्हाची बाजू आत घडी घातलेली, म्हणून वरून काळीभोर.

"मावशी, जंगलात नेणाऱ्या छोट्या विमानात मऊ बॅग आणि पंधराच किलो. आणि काळं, निळं काही न्यायचं नाही. तिकडं एक चावरी माशी असते, ती गडद रंगावर येते. मातकट, खाकी चालेल."

बोलता बोलता तो थांबला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोनिया म्हणाली, "बघ, मी सांगतच होते. चांगला रेनकोट घेऊ."

रेनकोट! माझ्या अंगाची लाही लाही झाली. रेनकोटात कोकरू गुंडाळून दाखव म्हणावं!

बयाबाई मात्र शांत. तिनं माझे दोन कोपरे धरले, मला फडकन झटकलं आणि उलटं करून भरतेशच्या पुढ्यात पसरलं.

"हा रंग कंचा रं, भरतेश?"

उन्हानं काळी लोकर तांबूस होत जाते. माझी ती बाजू आटपाडीच्या माळासारखी मातकट झाली होती. भरतेशनं यादीतलं चित्र माझ्याशेजारी धरलं, हात फिरवला आणि हसू दाबलं. "मातीचाच, मावशी."

"लय वर्सं लागली ह्या रंगाला. दुकानात मिळायचा न्हाई."

"पण आई, तिचं वजन?" सोनियानं शेवटचा प्रयत्न केला.

"वजन बॅगेचं करत्यात गं. खांद्याचं न्हाई."

नोव्हेंबरचं तिकीट निघालं.

आज दिवाळी होऊन आठ दिवस झालेत. गाडी दारात उभी आहे आणि मी बयाबाईच्या खांद्यावर आहे, उन्हाची बाजू बाहेर. वॉचमन विचारतोय, "मावशी, एवढ्या उन्हात घोंगडी?" विचारू दे! तुम्हालाही जाता जाता सांगते. आमच्यासारखं जुनं जपायचं असेल तर पेटीत घालू नका, अंगावर घ्या. झिजू, फाटू, ते आमचं आम्ही बघू.

तिकडं मेंढरं नाहीत म्हणे. हरणांची पिल्लं असतात, पण त्यांना हात लावायचा नाही, गाडीतून उतरायचंही नाही. सोनियानं हे बयाबाईला चारदा बजावलं आणि ती चारही वेळा "व्हय" म्हणाली. पण काल मला घडी घालताना तिनं माझी आतली, कोकरांची बाजू ओल्या फडक्यानं हळूच पुसून घेतली.