डावीकडे कलणारे मासे

त्या वर्षी नदीतले मासे डावीकडे कलून पोहायला लागले आणि डेल्फीन घाबरली.

एखाददुसरा मासा नव्हे. समुद्रातून वर चढणारा अख्खा थवाच असा तिरपा, जणू प्रत्येकाने डाव्या खांद्यावर भरली घागर घेतली आहे. शरदातले सॅमन म्हणजे गावचे जावईच. मेपलची पानं पिवळी पडली की यायचे आणि सरळ नाकासमोर वर चढून जायचे. यंदा मात्र पुलाखालून आले, गावासमोरच्या डोहाशी पोचले आणि तिथून डावीकडे वळून थेट लव्हीनाच्या ओहोळात शिरले. डेल्फीनचं जाळं समोरच्या तीराला. तिच्या जाळ्यात दिवसाकाठी एखादा चुकार मासा, चार फांद्या आणि एकदा तर कुणाचा तरी रबरी बूट, तोही डाव्या पायाचा.

"मावशी, देवाशपथ, मी प्यायलेलो नाही," जाळ्याची नाव किनाऱ्याला लावत नॉर्बर्ट म्हणाला. हा तिच्या गल्लीतलाच, दोन मुलींचा बाप, गावात सगळ्यात चांगली नाव याची. "सरळ पोहणारा एक मासा दाखव, मी नाव विकून चर्चला देतो. वरच्या गावाहून फोन आला होता. तिकडे एक शेपूट पोचलेलं नाही. म्हणतायत, तुम्ही खालच्या लोकांनी नदीला बूच मारलंय का?"

"पाणी गार असेल," डेल्फीन म्हणाली.

"पाणी दरसाल गारच असतं, मावशी."

डेल्फीनला कारण माहीत होतं. निदान कशामुळे, ते माहीत होतं. कुणामुळे, ते माहीत नव्हतं.

सांगायचं म्हणजे असं. शरदातला पहिला मासा गावात कुणी एकट्याने खात नाही. ऑल्डरच्या लाकडाच्या विस्तवावर तो काठीला लावून भाजतात, ज्याच्या त्याच्या वाट्याला घासभर येतो, आणि खाऊन झालं की हाडन् हाड सीडरच्या सालीच्या चटईवर परत येतं. ती चटई नदीत नेऊन रिकामी करायची. मासा मग आपल्या समुद्राखालच्या गावी जातो, हाडांवर मांस चढवतो आणि भाऊबंदांना सांगतो, चला, माणसं भली आहेत, वस्तू परत करतात. हाड कमी पडलं, तर तो लंगडतच घरी जातो. ती चटई डेल्फीनच्या आईकडून डेल्फीनकडे आली होती. आई सांगायची, तिच्या लहानपणी कुणीतरी जबड्याचं हाड हरवलं, तर त्या सालचे मासे आ वासूनच आले, आणि निम्मे पाणी पिऊन बुडाले. मासा बुडतो कसा, असं डेल्फीनने तेव्हा विचारलं होतं. आईने तिच्या टाळक्यात पळी मारली होती.

आणि नियमही आईनेच सांगितला होता: ज्या घराच्या मोजणीत हाड चुकलं, त्या घरातून चटई गेली. पुढचं घर डेल्फीनच्या मावशीचं. म्हणजे मावसबहीण लव्हीनाचं. म्हणजे ओहोळावाल्या लव्हीनाचं, जी गेली तीस वर्षं चटईकडे अशी बघायची, जशी मांजर शिंक्याकडे.

डेल्फीनने यंदाच्या पहिल्या माशाचं जेवण आठवून पाहिलं. मोजत होती ती बोटांनी, आईने शिकवल्यासारखी, हाडांना शिवत शिवत. शेजारी धाकटा दीर क्लेम बसला होता. त्याने मध्येच काहीतरी आचरट बोलून तिला हसवलं, आणि डाव्या पंखाच्या बुडाशी असतं ते नखाएवढं हाड मोजलं की नाही, हे आता तिला शपथेवर सांगता येईना. डाव्या बाजूचं मांस कुणाकुणाला वाढलं होतं? नॉर्बर्टला, लव्हीनाला, क्लेमला.

आता तिची भीती अर्धी राहिली आणि उरलेल्या अर्ध्या जागेत कुतूहल येऊन बसलं. हाड गेलं कुठे?

"नॉर्बर्ट, खिसे उलटे कर."

"काय?"

"मावशी सांगते ना!"

खिशातून दोन गळ, बिंगोची सोंगटी, मुलीचा रबरबँड आणि एक अर्धवट चघळलेलं पेपरमिंट निघालं. हाड नाही. डेल्फीनने त्याला तोंडही उघडायला लावलं.

"मावशी, घोडा विकत घेतेस का?"

"तुझे दात बघून कुणी गाढवही घेणार नाही," म्हणून ती निघाली.

लव्हीनाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओहोळात मासे इतके दाटले होते, की तिची कोंबडी त्यांच्या पाठीवरून चालत पलीकडच्या तीरावर अंडी घालायला जायची आणि पाय कोरडे घेऊन परत यायची. धुरीघरातून निळा धूर निघत होता. लव्हीना दारात बसून मासे चिरत होती, ओठांना लिपस्टिक लावून. मासे चिरायला लिपस्टिक! डेल्फीनने ते मनात टिपून ठेवलं.

"ये ताई, ये! घेऊन जा चार मासे. तुझ्या जाळ्याला यंदा म्हणे पादत्राणं लागतायत?"

"तुझ्याकडे बरी गर्दी आहे."

"मी काय करू? आले आपणहून. माझ्या दारात काय कमी आहे म्हणून त्यांनी तुझ्याकडे जावं?"

"लव्हीना, त्या दिवशी जेवल्यावर तू हाडं चटईवर ठेवलीस ना? सगळी?"

सुरी थांबली. लव्हीनाने मान तिरपी करून, अगदी त्या माशांसारखीच, बहिणीकडे बघितलं.

"असं होय," ती हळूच म्हणाली. "म्हणजे मासे कलले ते त्यामुळे. ताई, तुझ्या हातून मोजणी चुकली."

"मी असं म्हणाले नाही."

"तू विचारायला आलीस, यातच आलं. माझी हाडं मी तुझ्या हातात दिली होती, आठव. मला चटई हवी आहे, हे अख्ख्या नदीला माहीत आहे. पण चोरून नको. मिळाली तर चारचौघांत मिळू दे." आणि सुरी पुन्हा चालू लागली.

हे खरं होतं. लव्हीना तोंडाची फटकळ असेल, पण लबाड नव्हती. डेल्फीन जड पावलांनी घरी आली. राहता राहिला क्लेम.

आता क्लेमचं सांगायचं, तर तो बोलायला लागला की नदी ओहोटीची भरती करून ऐकत थांबे. पण जेवणावळीपासून तो गप्प होता. लोक म्हणत, थंडी बाधली. तोंडाला मफलर, जेवायला नुसतं सूप. त्याची खोली डेल्फीनच्याच अंगणात होती. ती धुरावलेल्या सॅमनची कडक पट्टी घेऊन गेली. या पट्टीसाठी क्लेमने एकदा खिडकी फोडली होती.

"नको, वहिनी."

"नको?"

"भूक नाही." आणि मग मफलरातून म्हणाला, "सूप असेल तर बघ."

'सूप' म्हणताना त्याच्या तोंडातून अशी बारीक, लांबलचक शीळ निघाली, की अंगणात झोपलेली डचेस कुत्री उठून धावत आली आणि त्याच्या पायाशी बसली.

डेल्फीन थबकली. "काय म्हणालास?"

"काही नाही."

"क्लेम, 'सॅमन' म्हण."

"कशाला?"

"म्हण रे!"

"स्सॅमन," क्लेम कुंथत म्हणाला. डचेसने कान टवकारले. शेजारच्या दोन कुत्र्यांनी कुंपणावरून उड्या टाकल्या. लांब पुलापलीकडे कुणीतरी चौथं भुंकलं.

"मफलर काढ."

"वहिनी, नको ना गं."

"काढतोस, की मी काढू?"

मफलर निघाला. आत नवीकोरी कवळी होती, नानाइमो शहरातून आणलेली, पांढरीशुभ्र, आणि समोर हौसेने बसवून घेतलेला एक सोन्याचा दात. कवळी एका बाजूने किंचित उचललेली होती. हाड तिच्याखाली पाचरीसारखं बसलं होतं. हवा त्या फटीतून जात होती, म्हणून शीळ.

"निघत नाही गं," क्लेम रडकुंडीला आला. "जेवताना सरकलं आत. सांडशी लावली, दोरा बांधून दार आपटलं, दार निखळलं. हाडही निघत नाही आणि कवळीही निघत नाही."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलास, शहाण्या? नदी वाकडी झाली तुझ्यापायी!"

क्लेमने मान खाली घातली. "जायचं तर नॉर्बर्टच्या गाडीतून. तो गावभर करणार. मग लव्हीनाला कळणार, की दात खोटे आहेत."

"लव्हीनाला?"

"ती म्हणाली होती, क्लेम, या वयात तुझे दात काय सुरेख आहेत."

डेल्फीनला ती लिपस्टिक आठवली. ती खाटेवर बसलीच. "अरे, दोन वर्षांपूर्वी तू तिच्यासमोर पाव चहात बुडवून चोखत होतास. तिला काय वाटतं, नवे उगवले?"

"विचारलं नाही तिने," क्लेम म्हणाला. "मीही नाही सांगितलं."

हसावं की रडावं ते डेल्फीनला कळेना. क्लेमनेच मग धीर करून सुचवलं, "रात्रभर मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या करतो. हाड सुटलं तर सकाळी काडेपेटीत घालून देतो. तू गुपचूप टाकून ये नदीत. कुणाला कळायचं?"

"माशांना. सगळ्यांसमोर खाल्लं, ते सगळ्यांसमोरच परत करायचं. आई काय उगाच पळी मारायची?" ती उठली. "उद्या सकाळी मी गावाला नदीवर बोलावते. तुझं नाव घेणार नाही. चटई माझी, मोजणी माझी, चूक माझी. तू फक्त हाड आण."

"आणि चटई?"

"ती जाईल जिथे जायची तिथे," डेल्फीन म्हणाली, आणि दाराबाहेर पडल्यावर तिने डोळे पुसले. तिथे फक्त डचेस होती.

सकाळी झाडून सगळं गाव काठावर उभं होतं. वरच्या गावचे दोघे तक्रार करायला आले होते, तेही थांबले. डोहात तिरपे मासे गोलगोल फिरत होते. डेल्फीन चटई छातीशी धरून उभी राहिली. क्लेम सगळ्यात शेवटी आला, मफलर गुंडाळून. तिने नजरेनेच विचारलं. त्याने मान हलवली. काडेपेटी नव्हती.

झालं. म्हणजे हाडही नाही आणि अब्रूही नाही.

"ऐका," डेल्फीन म्हणाली. तिचा आवाज पुलापर्यंत पोचला. "पहिल्या माशाचं एक हाड माझ्या मोजणीत चुकलं. म्हणून मासे लंगडतायत. आईचा नियम तुम्हाला माहीत आहे."

लव्हीना पुढे आली. दोन्ही हात पुढे केले. डेल्फीनने चटई उचलली. आईच्या हाताने विणलेली, मध्ये उसवली तेव्हा तिने स्वतः पुन्हा विणलेली.

"सबूर!"

अशी शीळ घुमली, की गावातली सगळी कुत्री नदीवर आली. क्लेम गुडघाभर पाण्यात शिरला होता. त्याने मफलर सोडून पाण्यात टाकला.

"वहिनी नीटच मोजत होती. मी हसवलं. आणि हाड माझ्यापाशी आहे." त्याने एकदाच लव्हीनाकडे बघितलं, बुडणारा माणूस किनाऱ्याकडे बघतो तसं. मग दोन्ही अंगठे तोंडात घातले आणि डोळे मिटून असा हिसडा दिला, की बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज झाला. कवळी हातात आणि हाड उडून बरोबर चटईवर.

डेल्फीन एक क्षणही थांबली नाही. ओणवी झाली, चटई पाण्याला टेकवली आणि हाड सोडलं. ते डुबकन बुडालं.

पुढचं ज्यांनी पाहिलं ते अजून हयात आहेत, त्यांना विचारा. डोहातले सगळे मासे एका दमात सरळ झाले, शाळेची घंटा झाल्यासारखे. लव्हीनाच्या ओहोळातून धबाबा उलटा लोंढा निघाला. कोंबडी पलीकडेच अडकली. तिला नॉर्बर्टने नावेतून आणली. आणि क्लेम कवळी खळबळून धुवत होता, तेवढ्यात एका दांडग्या नराने पाण्यातून डोकं काढलं, सोन्याच्या दाताकडे बघितलं, आणि कवळी घेऊन वरच्या गावाकडे निघून गेला.

क्लेम उभा राहिला. तोंडाचं बोळकं, वाऱ्यावर उघडं. आता लव्हीना काय बोलते म्हणून सगळे तिच्याकडे वळले.

लव्हीना आधी आपल्या रिकाम्या ओहोळाकडे बघत राहिली, मग क्लेमच्या तोंडाकडे, आणि मग तिला हसू आवरेना. पोट धरून हसली. लिपस्टिक हनुवटीपर्यंत गेली.

"ताई, चटई राहू दे तुझ्याकडेच," ती म्हणाली. "मोजताना हसवणारा हा प्राणी मात्र मला दे. म्हणजे पुढच्या वर्षी तरी मोजणी नीट होईल."

"घेऊन जा," डेल्फीन म्हणाली. "पण सूपच करावं लागेल."

"मला तरी दुसरं काय येतं?"

तेव्हापासून गावात पहिल्या माशाच्या जेवणानंतर एक नवीन रीत आहे. कवळीवाल्यांनी रांगेने यायचं आणि डेल्फीनसमोरच्या वाडग्यात कवळी खळबळून दाखवायची. आधी लाजायचे, आता गप्पा मारत येतात.

या नदीचे मासे बहुतेक चौथ्या वर्षी घरी परततात. चौथ्या शरदात पहिला मासा लागला तो डेल्फीनच्याच जाळ्याला. त्याने तोंड उघडलं, तर समोर सोन्याचा दात. क्लेमला बातमी कळली तसा तो लव्हीनाच्या घरून धापा टाकत आला.

"माझा आहे तो! वहिनी, नानाइमोची पावती आहे माझ्याकडे!"

"बस खाली," डेल्फीन म्हणाली. मासा भाजला, वाटला, सगळ्यांनी खाल्ला. क्लेमला लव्हीनाशेजारी, डेल्फीनपासून लांब बसवलं होतं. डेल्फीनने बोटांनी शिवत शिवत हाडं मोजली, कुणाचं काही न ऐकता. शेवटी सोन्याचा दात उचलला, उन्हात धरून नीट निरखला, आणि चटईवर हाडांच्या मधोमध ठेवला.

"अगं, पण तो..."

"माशाच्या तोंडातून निघाला ना? मग माशाचा," ती म्हणाली आणि चटई उचलून पाण्याकडे चालायला लागली.